जपानमध्ये एका मुलीसाठी रेल्वे स्टेशन चालू ठेवलं होतं हे खरं आहे का? तिथल्या खेड्यांत इतकी छोटी स्टेशनं कशी काय आहेत?

तुम्ही ज्या गोष्टीबद्दल विचारताय ती मलाही जानेवारी २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती, एकाच दिवशी तीन नातेवाइकांकडून. होक्काइदोमध्ये एक निर्जन स्टेशन आहे, तिथून एकच मुलगी शाळेला जाते, गाडी दिवसातून दोनदाच थांबते, तीही फक्त तिच्यासाठी, आणि तिची शाळा संपली की स्टेशन बंद होणार. मी तेव्हा नागोयात नोकरीला होते. सुट्टी मिळाली की पॅसेंजर गाड्यांनी हिंडायचं आणि आडगावच्या स्टेशनांवर उतरायचं, हा माझा तिथला एकमेव छंद. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

गोष्ट अर्धी खरी आहे. होक्काइदोच्या सेकिहोकु मार्गावर शिराताकी नावाची चार स्टेशनं ओळीने होती : कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी. म्हणजे वरचं, नुसतं, जुनं आणि खालचं. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतं, तसंच. ती मुलगी क्यू-शिराताकीवरून ये-जा करायची. दिवसाला प्रत्येक दिशेला एकच गाडी थांबायची ते स्टेशन मात्र कामी-शिराताकी. निरोप लिहिणाऱ्याने दोन स्टेशनांची सरमिसळ केली आणि ती तशीच जगभर गेली. गाडी तिच्यासाठी सोडलेली नव्हती, ती त्या मार्गावरून जाणारच होती. प्रवासी उरले नाहीत म्हणून कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही स्टेशनं २६ मार्च २०१६ रोजी बंद झाली. जपानात रेल्वेचं नवं वेळापत्रक मार्चमध्ये लागू होतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं, म्हणून दोन्ही तारखा जुळल्या.

पण मुलगी खरी होती, रोजचा प्रवास खरा होता. आणि मला त्या निरोपापेक्षा क्यू-शिराताकीचा जन्म जास्त हृद्य वाटतो. ते १९४७ साली सुरू झालं, पण स्टेशन म्हणून नव्हे. तो होता 'कारी-जोकोजो', म्हणजे तात्पुरता चढ-उताराचा थांबा. असे थांबे स्थानिक रेल्वे कार्यालय आपल्या अधिकारात देत असे. वस्ती विखुरलेली, हिवाळ्यात बर्फ कमरेएवढा, दोन स्टेशनांमधलं अंतर चालवत नाही, म्हणून मध्येच लाकडी फळ्यांचा एक छोटा फलाट उभा करायचा. देशाच्या छापील वेळापत्रकात त्यांतल्या बऱ्याच थांब्यांचं नावही नसायचं. १ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेचं विभाजन होऊन जेआर (जपान रेल्वे) कंपन्या झाल्या, त्या दिवशी अशा थांब्यांना पूर्ण स्टेशनाचा दर्जा मिळाला. 'तात्पुरतं' म्हणून सुरू झालेलं क्यू-शिराताकी ६९ वर्षं चाललं.

आता इतकी छोटी स्टेशनं कुठून आली, ते सांगते.

पहिलं कारण डोंगर. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा अशी धावली आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, घेतला १०६७ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम दोन-अडीच इंच रुंद. पुढे हेच रूळ दऱ्याखोऱ्यांत शिरले ते बहुतेक एकेरी. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना क्रॉसिंगसाठी जागा लागते. आपल्याकडे टोकनचा गोळा, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण, हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे. तिथेही तसंच होतं, फक्त गोळ्याऐवजी धातूची चकती, तिला 'ताबुरेत्तो' म्हणत. ती चकती द्यायला-घ्यायला माणूस हवा, त्याला राहायला घर हवं. अशी क्रॉसिंगची ठाणी ओसाड जागी उभी राहिली आणि त्यांतली काही नंतर स्टेशनं झाली.

मुरोरान मार्गावरचं कोबोरो हे त्यातलं टोकाचं उदाहरण. १९४३ साली, युद्धाच्या काळात, गाड्यांची संख्या वाढल्यामुळे क्रॉसिंगसाठी ते ठाणं केलं. दोन्ही बाजूंना बोगदे, मध्ये शंभर मीटरसुद्धा उघडी जागा नाही. मोटारीचा रस्ता तिथवर जात नाही. खाली समुद्राकडे उतरलं की एक गुहा लागते, तिच्यात सतराव्या शतकातल्या एन्कू नावाच्या भटक्या भिक्षूने कोरलेली कान्नोन या बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. कोबोरो आजही चालू आहे, ते कसं ते पुढे येईलच.

दुसरं कारण राजकारण. १९२२ च्या रेल्वे कायद्याला भावी मार्गांची यादी जोडलेली होती. त्यात १४९ मार्ग होते. प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघात रेल्वे हवी होती. जपानीत 'गादेन इन्सुइ' असा वाक्प्रचार आहे, आपल्याच शेताकडे पाणी वळवणं. त्यावरून लोकांनी 'गादेन इन्तेत्सु' असा शब्द बनवला, आपल्याच शेताकडे रूळ वळवणं. आपल्या पोळीवर तूप ओढणं, अगदी तेच. त्या यादीचे परिणाम फार लांबवर गेले. गोत्सु ते मियोशी हा १०८ किलोमीटरचा सान्को मार्ग १९३० साली सुरू झाला आणि अख्खा जोडला गेला १९७५ साली. तोवर लोकांकडे मोटारी आल्या होत्या. या मार्गावरचं उझुइ हे स्टेशन दरीवरच्या पुलावर, जमिनीपासून २० मीटर उंच होतं. लिफ्ट नाही, ११६ पायऱ्या. खाली मोजकी घरं, भातखाचरं. ३१ मार्च २०१८ रोजी मार्ग बंद झाला. जोडायला ४५ वर्षं, आणि पूर्ण होऊन चालला ४३ वर्षं.

माझं सगळ्यात लाडकं स्टेशन मात्र दक्षिणेला आहे, कागोशिमा प्रांतातलं कारेइगावा. १९०३ साली बांधलेली लाकडी इमारत तशीच्या तशी उभी आहे. मी हायातोहून गेले. एक डब्याची डिझेल गाडी, तिला 'वानमान' म्हणतात, म्हणजे ड्रायव्हर हाच गार्ड आणि तोच तिकीट क्लार्क. मागच्या दाराने चढायचं, दाराशेजारच्या यंत्रातून कागदाचा चिटोरा ओढायचा, त्याच्यावर एक आकडा असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर त्या आकड्याखाली आपलं भाडं वाढत जाताना दिसतं. उतरताना पुढच्या दाराशी चिटोरा आणि सुटे पैसे पेटीत टाकायचे. ड्रायव्हर पांढऱ्या हातमोज्यातला हात पेटीकडे दाखवतो आणि मान लववून आभार मानतो. स्टेशनवर माणूस नसला तरी कोणी फुकट उतरत नाही, ते या पद्धतीमुळे.

आत गेलं की तिकीटखिडकीची लाकडी चौकट, लाखो हातांनी घासून कडा गोल झालेली. तिच्या पुढच्या फळीवर तळवा ठेवला तर मध्ये हलकासा खळगा लागतो. भिंतीच्या फळ्या काळ्या पडल्यात, पण काच लख्ख पुसलेली. गावकरीच ही सफाई बघतात. शनिवार-रविवारी तिथे 'एकिबेन', म्हणजे स्टेशनवरचा जेवणाचा डबा मिळतो. बांबूच्या सालीच्या डब्यात शिताके अळंबी आणि बांबूचे कोंब घातलेला भात, शेजारी 'गाने'. गाने म्हणजे रताळ्याच्या उभ्या कापांची भजी. एक घास घेतला आणि मला आईच्या हातची उपासाची रताळी आठवली, डोळे भरून आले.

एवढ्याशा गावाला इतकं देखणं स्टेशन कसं, याचं उत्तरही इतिहासात आहे. आज कारेइगावावरून जाणारा हिसात्सु मार्ग हा एके काळी कागोशिमाला जाणारा मुख्य मार्ग होता. समुद्रकिनाऱ्याने रूळ टाकले तर जहाजांवरच्या तोफांच्या टप्प्यात येतील म्हणून लष्कराला आतला, डोंगरातला मार्ग हवा होता. १९२७ साली किनाऱ्याचा मार्ग पूर्ण झाला, मुख्य गाड्या तिकडे वळल्या आणि हा मार्ग शाखा होऊन राहिला. नवी इमारत बांधण्याइतकी वर्दळ पुन्हा झालीच नाही, म्हणून जुनी वाचली.

स्टेशनांवरची माणसं गेली ती मुख्यतः साठ ते ऐंशीच्या दशकांत. सिग्नल आणि पॉइंट्स दूरच्या नियंत्रण कक्षातून चालू लागले, चकती देणारा मास्तर लागेना. मग फेब्रुवारी १९८४ मध्ये स्टेशनागणिक वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जोडत-सोडत जाणारी मालगाडीची जुनी पद्धत बंद झाली. तांदूळ, लाकूड, कोळसा, मासळी, हे सगळं ट्रककडे गेलं. मालगाड्यांचे गार्डाचे डबेही रिकामे झाले, आणि होक्काइदोमध्ये त्यांचं जे केलं ते बघून मी थक्क झाले होते. चाकं काढून डबा फलाटाशेजारी ठेवला, आत बाकडं टाकलं, झाली स्टेशनची इमारत. असे डबे अजूनही तिथे वेटिंग रूम म्हणून उभे आहेत. त्याच भागातल्या नुकानान स्टेशनची वेटिंग रूम तर घरामागे अवजारं ठेवायला घेतात तसली तयार पत्र्याची खोली आहे. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं.

सरकारी रेल्वे तोवर कर्जात पार बुडाली होती. १९८० च्या कायद्याने तोट्यातले ८३ मार्ग निवडले गेले. त्यातल्या ४५ ठिकाणी रूळ जाऊन बस आली. ३८ मार्ग रेल्वे म्हणून वाचले, बहुतेक प्रांत, गावं आणि खासगी उद्योग यांनी मिळून काढलेल्या कंपन्यांकडे गेले. त्या वेळी गेलेल्यांत हिरो मार्गावरचं कोफुकु स्टेशन होतं. कोफुकु म्हणजे सुख. फुकुइ प्रांतातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या आठवणीतलं 'फुकु' गावाच्या जुन्या नावातल्या 'को'ला जोडून हे नाव झालं. त्याच मार्गावर आइकोकु नावाचं स्टेशन होतं, त्यातल्या अक्षरांचा अर्थ प्रेमाचा देश असा लावता येतो. १९७३ साली दूरचित्रवाणीवर ही जोडी दिसली आणि 'आइकोकु ते कोफुकु' या तिकिटासाठी देशभरातून झुंबड उडाली. तिकिटं लाखोंनी खपली, प्रवासी मात्र वाढले नाहीत. २ फेब्रुवारी १९८७ रोजी मार्ग बंद झाला. स्टेशन आता स्मारक म्हणून जपलंय.

नागोयात राहताना मला सगळ्यात सोयीची होती ती इदा लाइन. तोयोहाशीपासून तात्सुनोपर्यंत १९५.७ किलोमीटर आणि ९४ स्टेशनं. मधला तेन्र्यू नदीच्या घळीतला भाग इतका अवघड होता की मोजणीला माणूस मिळेना. तेव्हा होक्काइदोहून कावामुरा कानेतो या आयनू समाजातल्या सर्वेक्षकाला बोलावलं. आयनू म्हणजे तिथले मूळ रहिवासी, त्यांना आयुष्यभर हिणवलं गेलं. कावामुरा आणि त्यांचे सहकारी दोर बांधून कड्यांवरून मोजणी करत गेले, आणि पुढे बांधकामावर देखरेखही त्यांनी केली. १९३७ साली तो मार्ग जोडला गेला. आज त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने हे नाव जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच घळीत कोवादा आहे. १९३६ साली स्टेशन झालं तेव्हा तिथे गाव होतं. १९५६ मध्ये साकुमा धरण पूर्ण झालं, गाव पाण्याखाली गेलं, स्टेशन वर राहिलं. मी उतरले तेव्हा फलाटावर मी एकटीच. पायवाटेने खाली गेलं की चहाची पानं वाळवायचा पडका कारखाना आणि तीन चाकी मालवाहू गाडीचा गंजलेला सांगाडा दिसतो. त्या गाडीच्या टपामधून झाड वर आलं होतं. १९९३ साली मात्र हे स्टेशन गजबजलं होतं. युवराजांचं लग्न ओवादा आडनावाच्या मुलीशी ठरलं, आणि ते आडनाव लिहायची अक्षरं कोवादाचीच. त्या वर्षी तिथे एका जोडप्याचं लग्नही लागलं.

मग ही स्टेशनं टिकतात कशी, याचं खरं उत्तर असं की जिथे गाव पैसे आणि श्रम घालतं तिथे स्टेशन टिकतं. देशातल्या सुमारे साडेनऊ हजार स्टेशनांपैकी जवळपास निम्म्यांवर आज एकही कर्मचारी नाही. कोबोरो बंद करायचं ठरत आलं होतं, तेव्हा तोयोउरा या छोट्या गावाने २०१६ पासून देखभालीचा खर्च स्वतःकडे घेतला. वाकायामा प्रांतात जुन्या कंपनीने सोडलेला किशिगावा मार्ग २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीने चालवायला घेतला. किशी स्टेशनलगतच्या दुकानदारीणबाईंची तामा नावाची मांजर जानेवारी २००७ मध्ये तिथली स्टेशन मास्तर झाली, आणि तिला बघायला परदेशातून माणसं आली. जून २०१५ मध्ये ती गेली तेव्हा निरोप द्यायला हजारो लोक जमले होते.

सगळीकडे हे जमत नाही. वाक्कानाइ शहराने १९२४ सालची लाकडी इमारत असलेलं बाक्काइ स्टेशन काही वर्षं स्वखर्चाने सांभाळलं, पण मार्च २०२५ मध्ये ते बंद झालं. जपानचं सर्वांत पूर्वेचं हिगाशी-नेमुरोही त्याच दिवशी गेलं. ही बातमी मी पुण्यात बसून वाचली आणि दोन्हीकडे जायचं राहिलं याची हळहळ अजून आहे.

कधी गेलात तर उतरण्याआधी परतीच्या गाडीची वेळ लिहून घ्या, चुकली तर तीन-चार तास थांबावं लागतं. आणि वेटिंग रूममध्ये एक वही असते, 'एकि नोतो'. येणारा-जाणारा तिच्यात चार ओळी लिहितो. कोवादाच्या वहीत मी मराठीत लिहिलंय, एप्रिलच्या एका पानावर, खाली चहाच्या झुडपाचं चित्र काढून. मी गेले तेव्हा भरलेल्या जुन्या वह्या शेजारीच रचून ठेवल्या होत्या. दिसलं तर मला जरूर कळवा.