आधी भाषा बघ

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बुद्ध्यंक ९६, सर्जनशीलतेच्या कसोटीत विटेचे उपयोग विचारले तर चारच सुचले, समाधानाच्या प्रश्नावलीत १३ गुण. एवढ्यावरून तू मानसशास्त्राचं एम. ए. सोडायला निघालीस! तू हुशार आहेस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुझी आई लिहील. मला एवढंच सांग, ते तिन्ही कागद कोणत्या भाषेत होते?

इंग्रजीत. तुझी दहावी मराठी शाळेतली, घरी बोलता अहिराणी. मग आधी भाषा बघ, आकडा नंतर.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेनं १९०५ साली पॅरिसमध्ये सहकारी सिमोंच्या जोडीनं बुद्धी मोजायची तीस कामांची मोजपट्टी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. बुद्ध्यंकाचा भागाकार, म्हणजे मानसिक वय भागिले खरं वय, जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्नचा, १९१२ चा. तेव्हा बिने हयातही नव्हता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते म्हणणाऱ्यांवर तो १९०९ च्या पुस्तकात चांगलाच चिडलाय. मला तो चिडलेला बिने फार आवडतो. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी ती कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बसवली, कारण नुसत्या भाषांतरानं भागत नाही. हे सगळं तू परीक्षेत लिहून आलीस आणि स्वतःच्या कागदाला लावलं नाहीस, याचा मला राग आलाय.

तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत चाचण्या घ्यायला गेले होते. समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, घरची बोली तुझीच. चाचणीतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, म्हणून इतकंच सांगते: दोन वस्तूंची नावं घ्यायची आणि विचारायचं, यांच्यात साम्य काय? तो माझ्याकडे बघायचा, मग स्वतःच्या नखांकडे. पुन्हा विचारलं. शब्द बदलायचा नाही असा नियम. शून्य. पुढच्या जोडीलाही शून्य. तो बाहेर गेला, मी बेरीज करत बसले, आणि खिडकीखाली त्यानं बापाला विचारलेलं ऐकू आलं, "साम्य म्हनजे काय शे?"

मी पेन्सिल खाली ठेवली नाही. बुद्ध्यंक ७१ लिहिला, सही केली. शाळेनं त्याला वेगळं बसवलं. पुढच्या वर्षी तो पटावरच नव्हता.

तू म्हणशील, बाई, नियमच तसा होता. होताच. प्रत्येकानं आपापले शब्द वापरले तर गुणांची तुलना कशाची कशाशी करणार? प्रमाणीकरण तुम्हाला मीच शिकवलं. शिवाय रांगेत अजून नऊ मुलं होती आणि शेवटची एसटी साडेपाचची. पण शेऱ्यासाठी खाली चार ओळी कोऱ्या होत्या. 'चाचणीची भाषा मुलाची नाही' एवढं लिहायला मला कोणी अडवलं होतं?

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरियानं १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारलं होतं: हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका, यांतलं वेगळं काय? ते ओंडका बाजूला काढेनात. लाकूडच नसेल तर करवत काय कामाची? हा किस्सा मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगायचे, तुम्ही हसायचात. त्या मुलाचं मात्र एकदाही सांगितलं नाही.

आता तुझी वीट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या वळणाच्या या कसोटीत उपयोग किती, किती तऱ्हांचे, किती अनपेक्षित, हे मोजतात. तूच लिहिलंयस की ज्यांचं स्पेलिंग येत होतं तेवढेच उपयोग लिहिले! अगं, मग मोजलं काय, सर्जनशीलता की स्पेलिंग? तुझी आजी थंडीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून गुडघे शेकते, हे तूच मला सांगितलं होतंस. ते त्या चारांत का नाही? अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला विठोबाही आठवला नाही? आधी भाषा बघ, म्हणते ती यासाठी.

समाधानाचा कागद मात्र मी भाषेवर ढकलत नाही. मानसशास्त्रज्ञ डीनरची ती पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५. तुझे १३ खरे असू शकतात. तीन आठवडे धड झोप नाही, मेसचं जेवण जात नाही, खोलीत कोणाशी बोलणं नाही, हे तू ज्या मराठीत लिहिलंयस ते मला पुरेसं कळलं. विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे या आठवड्यात जा. इंग्रजीत बोलायला लागू नकोस, तिथेही तू तेच करशील.

एम. ए. सोडायचं की नाही ते नंतर बोलू. रविवारी घरी ये. त्याआधी विटेचे उपयोग पुन्हा लिही, दहा मिनिटं लावून, अहिराणीत. मला ती अजून नीट येत नाही, लाज वाटते सांगायला. तू वाच, अडेल तिथे मी विचारीन, म्हनजे काय शे.

तुझ्या बाई