जिवाणूंवरच्या चाचणीत स्पंजच्या अर्काने डिस्कभोवती (अर्क लावलेल्या कागदी चकतीभोवती) झोनच, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळच, येत नाही. अर्क निकामी समजायचा का?

एवढ्यावरून नको. समुद्री स्पंजच्या मिथेनॉल अर्कात बरंचसं वजन मिठाचंच असतं, त्यामुळे डिस्कवर 500 मायक्रोग्रॅम टाकले तरी कामाचा माल थोडाच पडतो. सुकलेला अर्क पाण्यात कालवून तेवढ्याच इथाइल ॲसिटेटने तीनदा काढा. मधे फेसाळ थर धरला तर थर वेगळे करायची फनेल जोरात हलवू नका, नुसती अलगद उलटसुलट करा. वरचा इथाइल ॲसिटेटचा थर 40 अंशांखाली उडवा. पाण्याचा थर मात्र फेकू नका, पाण्यात विरघळणारे क्रियाशील रेणू तिथेच राहतात. ते ब्युटेनॉलने काढून पाहा.

खरी गोम आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, आहे. तेलकट रेणू त्यात पसरत नाहीत, म्हणून अर्क मारक असूनही झोन दिसत नाही. त्यापेक्षा 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये ब्रॉथ, म्हणजे पातळ पोषक द्रव, वापरून एमआयसी (वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण) काढा: मिलिलिटरला साधारण 5 लाख जिवाणू, डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रव) 1 टक्क्याच्या आत, 35 अंशांवर 16 ते 20 तास. अर्क रंगीत असला तर जिवाणू वाढल्याचा गढूळपणा कळत नाही, मग रेसाझुरिन हा रंग बदलणारा निळा रंग टाका. निळं राहिलं तर वाढ थांबली, गुलाबी झालं तर जिवाणू जिवंत. काही अर्क स्वतःच रेसाझुरिन गुलाबी करतात, त्यामुळे जिवाणू न घातलेला, फक्त अर्काचा वेल हवाच. नुसत्या डीएमएसओचाही ठेवा.