जपानमध्ये आयएसडीएन (फोनलाइनवरची जुनी डिजिटल सेवा) आधी रुजलेलं असताना एडीएसएल (फोनलाइनवरचं जलद इंटरनेट) पुढे कसं गेलं?

मुख्य कारण वेग, पण दराने खरा निकाल लावला. आयएसडीएनमध्ये ६४ केबीपीएसचे दोन चॅनल. दोन्ही जोडले तरी १२८ केबीपीएस. एडीएसएल त्याच तांब्याच्या तारेवर आवाजाच्या वरच्या फ्रिक्वेन्सी वापरतं, म्हणून ८ एमबीपीएसपर्यंत जातं आणि फोनही चालू राहतो.

तरीही जपानची मोठी टेलिफोन कंपनी एनटीटी, तिचा ओढा आयएसडीएनकडे आणि पुढे फायबरकडे होता. त्यात जपानी आयएसडीएनची पद्धत वेगळी: तारांच्या एकाच जोडीवर आळीपाळीने पाठवायचं आणि घ्यायचं. त्याचा गोंगाट शेजारच्या तारांमधल्या एडीएसएलला बाधायचा. म्हणून जपानसाठी एडीएसएलच्या मानकात ‘ॲनेक्स सी’ हा वेगळा प्रकार घालावा लागला. तांत्रिक अडचण खरीच होती, पण माझ्या मते ती एडीएसएल रोखण्याइतकी मोठी कधीच नव्हती.

चित्र पालटलं ते एनटीटीच्या तारा आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली जागा इतर कंपन्यांना ठरावीक भाड्याने मिळू लागल्यावर. २००१ मध्ये सॉफ्टबँक कंपनीच्या ‘याहू बीबी’ या इंटरनेट सेवेने ८ एमबीपीएस अत्यंत स्वस्तात आणलं, रस्त्यांवर मोडेम वाटले, आणि बाकीच्यांना दर उतरवावेच लागले. एक्स्चेंजपासून लांब राहणाऱ्यांना मात्र एवढा वेग मिळत नसे. तार जितकी लांब तितका सिग्नल क्षीण.