‘जशी आहे तशी घेतलीत’ म्हटलं की खोटं माफ होतं का?

सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या एका हौशी वादकाकडून तुम्ही जुनी इलेक्ट्रिक गिटार ३८,००० रुपयांना घेतली. आधी व्हॉट्सॲपवर विचारलंत, ‘नेक (गिटारचा लांब दांडा) कधी तुटलाय का?’ उत्तर आलं, ‘कधीच नाही, सगळं ओरिजिनल.’ पुढे दुरुस्तीवाल्याने हेडस्टॉकखाली, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाखाली, चिकटवून वर रंग मारलेली भेग दाखवली. आता विक्रेते म्हणतात, जशी आहे तशी घेतलीत, विषय संपला.

विषय संपलेला नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सोडा. घरातली वस्तू एकदाच विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० सुद्धा अशा खासगी व्यवहारात साधारणपणे ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ असंच सांगतो. तुम्ही काही विचारलं नसतंत आणि ते नुसते गप्प राहिले असते, तर तुमची बाजू फार लंगडी ठरली असती. पण तुम्ही नेमका प्रश्न विचारलात आणि त्यांनी नेमकं उत्तर दिलं. माहीत असून खोटं सांगितलं असेल, तर करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार ती फसवणूक आहे. कलम १९ प्रमाणे तुम्ही करार रद्द करून पैसे मागू शकता. ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी ते खोटं धुऊन निघत नाही.

ते म्हणतील, मलाही माहीत नव्हतं. तेव्हा प्रश्न येईल, साध्या तपासणीत भेग दिसली असती का? म्हणून दुरुस्तीवाल्याकडून लेखी घ्या, की भेग रंगाखाली होती आणि सहज दिसण्यासारखी नव्हती. हा कागद फार मोलाचा आहे.

चॅट पुसू नका, फोनही विकू नका. कोर्टात चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. यूपीआयची नोंदही जपा.

पोलिसांत जाण्याची घाई नको. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दाखवावा लागतो, आणि अशी तक्रार बहुतेकदा ‘दिवाणी वाद’ म्हणून परत येते. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा: करार रद्द, गिटार परत न्या, १५ दिवसांत पैसे द्या. ऐकलं नाही तर सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावा. फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते.

दुरुस्ती करून घेऊ नका, कार्यक्रमातही वाजवू नका. सगळं कळूनही गिटार वापरत राहिलात, तर करार तुम्ही मान्य केला असं ते म्हणतील. थोडे पैसे परत घेऊन ठेवायचीच असेल, तर तसं ठरल्याचा कागद दोघांच्या सह्यांनी करा आणि मगच तारा चढवा.