तीन हार्मोनियम आणि एक पदविका

प्रश्न : भांडुपच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी सहशिक्षिका आहे. बी.ए., बी.एड. होऊन २००८ मध्ये लागले. येत्या मे अखेर आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होताहेत. संस्थेचे सचिव म्हणाले, "बाई, मुख्याध्यापक व्हायचं तर शालेय व्यवस्थापनाची पदविका लागते. तुमच्याकडे नाही, सरांकडे आहे." हे सर २००५ला बारावी-डी.एड.वर लागले. पदवी त्यांनी नोकरीत असताना २०१० मध्ये घेतली, बी.एड. २०१३चं. आता घाईघाईनं कुठला कोर्स करू? घरी दोन मुलं आहेत आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत.
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : बाई, फॉर्म नंतर भरा. उद्या शाळेत गेलात की कार्यालयातून सेवाज्येष्ठता यादी मागून घ्या. ही यादी सगळ्यांना दाखवून तिच्यावर सह्या घ्यायच्या असतात. आमच्याकडे मधल्या सुट्टीत शिपाई ती घेऊन फिरायचा आणि आम्ही एका हातात चहाचा कप धरून न वाचता सही ठोकायचो. तुम्ही वाचा. आपलं नाव कितव्या ओळीत आहे, बी.एड.ची तारीख बरोबर पडली आहे का, सरांचं नाव वर आहे की खाली, हे बघा. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

आता कायदा. खाजगी शाळांतल्या नेमणुका १९७७च्या अधिनियमाखाली केलेल्या १९८१च्या नियमावलीप्रमाणे होतात. स्टाफरूममध्ये तिला 'एमईपीएस' म्हणतात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी नियम ३ मागतो ते एवढंच : पदवी, बी.एड., पदवीनंतरचा एकूण ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव आणि त्यातली निदान २ वर्षं बी.एड.नंतरची. हे ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ, आणि ज्याचं कामाचं रेकॉर्ड समाधानकारक आहे, तो मुख्याध्यापक. बी.एड.च्या पुढे कुठल्या पदविकेची अट त्यात नाही. सचिवांना ती दिसली असेल तर कुठल्या नियमात, ते त्यांच्याकडून कागदावर मागा. बहुधा कागद येणार नाही.

ज्येष्ठ कोण, हा खरा प्रश्न आहे आणि तिथे भले भले शिक्षक फसतात. ज्याची नोकरी आधी लागली तो ज्येष्ठ, असं नाही. नियमावलीच्या अनुसूची 'फ' मध्ये माध्यमिक शिक्षकांचे पात्रतेनुसार प्रवर्ग पाडले आहेत. पदवीधर-बी.एड. शिक्षक 'क' प्रवर्गात येतात आणि खालच्या प्रवर्गातल्या माणसाची नोकरी कितीही जुनी असली तरी 'क'मधला त्याच्या वर असतो. तुम्ही २००८ला थेट 'क'मध्येच आलात. सर नोकरीला तीन वर्षांनी जुने खरे, पण त्या वर्षी त्यांच्याकडे पदवीच नव्हती. तुमच्या पत्रातल्या तारखा बरोबर असतील, तर तुम्ही त्यांच्या वर आहात. सरांनी नोकरी सांभाळून पदवी, बी.एड. आणि पदविका केली याचं मला मनापासून कौतुक आहे; त्यांच्याशी वाकडं घेऊ नका, उद्या तेच तुमच्या हाताखालचे पर्यवेक्षक असतील.

एक अपवाद. संस्थेला अल्पसंख्याक दर्जा असेल, तर घटनेच्या कलम ३०(१)मुळे मुख्याध्यापक निवडायची मोकळीक तिला बरीच मिळते आणि तिथे ज्येष्ठतेचा हा हिशेब तसाच्या तसा चालत नाही. तेवढी खात्री आधी करा.

आणि कृपा करून एक करू नका. "घरी अडचण आहे ना बाई, मग लिहून द्या की मला पद नको," असं कुणी गोडीनं म्हणालं तर सही करू नका. हक्क सोडायचा असला तर तो स्वखुशीनं आणि लेखी सोडायचा असतो, चहा-बिस्किटांवर नव्हे. डावलून दुसऱ्याला बढती दिलीच, तर अधिनियमाच्या कलम ९खाली शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. हे ३० दिवस "बघू, बोलू, दिवाळी होऊ दे" यात जातात. माझ्या एका मैत्रिणीचे गेले.

आता पदविकेबद्दल. ती करा, पण मेपर्यंत होईल या आशेनं नको. वर्षाचा अभ्यासक्रम आहे, सचिवांनी कितीही घाई केली तरी तो वर्षभरच चालणार. मी स्वतः नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली. पुस्तकं मराठीत आणि संपर्कसत्रं रविवारी, दादरला. पदवी-बी.एड.च्या गुणपत्रिका आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा अनुभवाचा दाखला जोडून फॉर्म भरला होता. प्रकल्पासाठी विषय घेतला, 'सकाळच्या सत्रात आठवीच्या मुली उशिरा का येतात'. आमची शाळा गिरणगावातली. पंधरा दिवस दारात वही घेऊन उभी राहिले तेव्हा कळलं की उशीर ठरावीक चार चाळींतल्या मुलींनाच होतो आणि त्या चाळींत पाणी सकाळी साडेसहाला येतं. हंडे भरून झाल्याशिवाय पोरी निघणार कशा? त्याआधी वर्षभर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करत होते. मग त्या तुकडीची हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायला लागलो. पदविकेचं सगळ्यात मोठं देणं मला हे मिळालं. बाकी नियोजन, नियंत्रण, समन्वय वगैरे व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या.

इंग्रजी चालत असेल तर इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका आहे. तिथे एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात, स्वाध्याय वेळेवर द्यावे लागतात आणि सत्रान्त परीक्षा जून-डिसेंबरला असते. जून म्हणजे नेमकी आपली शाळा सुरू होण्याची धांदल, तेव्हा डिसेंबर धरा. सासूबाईंमुळे रविवारीही बाहेर पडता येत नसेल, तर दिल्लीच्या नीपा या संस्थेत २०१२ साली शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घरी बसून, बिनपैशाचा करता येतो. मी तुमच्या जागी असते तर यंदा हा आणि पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठ, असं केलं असतं.

कुठल्याच अभ्यासक्रमात चार्ज कसा घ्यायचा ते शिकवत नाहीत, म्हणून ते सांगते. मी पदभार घेतला त्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टरवर विश्वासानं सही केली. त्यात तीन हार्मोनियम होत्या. कपाटात दोन. तिसरी कुठे गेली ते निवृत्तीपर्यंत कळलं नाही आणि प्रत्येक तपासणीला तेवढा एक शेरा माझ्या नावावर पडत राहिला. तुम्ही दोन दिवस मागून घ्या. बाकं, पंखे, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यासुद्धा मोजा. जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची कोरी पुस्तकं, धनादेश पुस्तकातला शेवटचा क्रमांक, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायस (शाळेची माहिती भरायची प्रणाली) यांचे पासवर्ड, सगळं यादी करून घ्या. संचमान्यतेची प्रत आधी वाचा; किती पदं मंजूर आहेत हे माहीत नसलेला मुख्याध्यापक शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात नुसता घाम पुसत बसतो. मी बसले आहे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. इथे विलेपार्ल्याच्या शाळेत ती सहा वर्षं शिकवत होती, एम.ए., बी.एड. आहे. तिथल्या एका विद्यापीठाचं शालेय नेतृत्वाचं 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' ती घेणार म्हणते. त्यावर ती प्रिन्सिपल होईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : ताईंना सांगा, तिथे विद्यापीठाचं सर्टिफिकेट वेगळं आणि राज्याचा परवाना वेगळा. 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवीनंतरचं. मोजकेच विषय असतात आणि वर्ष-दीड वर्षात उरकतं. मुख्याध्यापकपदाचा परवाना मात्र न्यू जर्सी राज्य देतं आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी, ५ वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, शाळेत प्रत्यक्ष काम करून ३०० तासांची उमेदवारी आणि एसएलएलए नावाची परीक्षा, एवढं लागतं. पर्यवेक्षकाचा परवाना त्याहून सोपा, त्याला अनुभव ३ वर्षांचा आणि पर्यवेक्षण व अभ्यासक्रम या विषयांचे १२ श्रेयांक. कितीतरी सर्टिफिकेटं नेमकी त्या १२ श्रेयांकांसाठी बेतलेली असतात. म्हणून पैसे भरण्याआधी विद्यापीठाला एकच प्रश्न ईमेलनं विचारायचा : हे राज्याच्या कुठल्या परवान्यासाठी धरलं जातं? आणि मुंबईची गुणपत्रकं तिथे समकक्षतेसाठी तपासून घ्यावी लागतात, ते काम आधी. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला तुम्हालाच खेपा घालायच्या आहेत, रजा शिल्लक ठेवा.

प्रश्न : माझी शाळा खाजगी प्राथमिक, पहिली ते सातवी. मी डी.एड. आहे. बी.एड. नसल्यामुळे मुख्याध्यापक होता येणार नाही, हे खरं का?
— एक शिक्षक, घाटकोपर

उत्तर : नाही. माध्यमिकचा नियम तुम्हाला कुणीतरी ऐकवला आहे. प्राथमिकलाही नियम ३च आहे, पण त्यातली अट वेगळी : सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षित शिक्षक, किमान ५ वर्षांची सेवा. डी.एड. म्हणजे प्रशिक्षितच. यादी बघा.