वाचकांचे प्रश्न : भिंतीवरची पिरोश्का

प्रश्न : फेब्रुवारीत मुलगा-सुनेबरोबर इस्तंबूलला जाऊन आले. आया सोफियाच्या वरच्या सज्जात भिंतीवर रंगीत तुकडे जोडून केलेलं एक चित्र आहे. मधे बाळाला घेतलेली मेरी, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला लांब वेण्यांची राणी. गाइड म्हणाला, ही हंगेरीची राजकन्या, इथं आल्यावर हिचं नाव बदललं. माझा पाय तिथून हलेना. माझंही नाव लग्नात बदललं. गडहिंग्लजला माहेरच्या नावानं हाक मारणारा आता एक धाकटा भाऊच उरलाय. या राणीचं मूळ नाव काय? तिच्या माहेराशी तिचा संबंध राहिला का?
– एक वाचक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिचं नाव पिरोश्का. हंगेरीचा राजा लास्लो याची ही मुलगी, जन्म 1088 च्या सुमाराचा. आई आडेलहाइड जर्मन मुलखातली, ती 1090 मध्ये गेली. 1095 मध्ये वडील गेले. म्हणजे लेक दोनेक वर्षांची असताना आई आणि सातेक वर्षांची असताना बाप. पुढं ती चुलतभावाच्या, राजा काल्मानच्या घरी वाढली, आणि तिचं लग्न ठरवलं तेही त्यानंच.

त्या लग्नामागं काल्मानचं राजकारण होतं. 1102 मध्ये त्यानं क्रोएशियाचा मुकुट डोक्यावर चढवला होता आणि आता त्याला समुद्रकाठची डाल्मेशियाची शहरं हवी होती. त्यांच्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, सम्राटाचा जुना हक्क. सम्राटानं आडवं येऊ नये म्हणून बहीण त्याच्या मुलाला, जॉनला दिली; चित्रातला राजा तो हाच. 1104 च्या आसपासची ही गोष्ट, मुलगी सोळा वर्षांची. सासरी गेल्यावर भाषा ग्रीक, प्रार्थनेची रीत वेगळी आणि नावही नवं : आयरीन. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शांती. पुढं तिच्या धाकट्या मुलानं जर्मनीहून बेर्टा नावाची बायको आणली, तिलाही आयरीनच केलं. सासूचंच नाव सुनेला!

माझंही नाव तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून बदललं गेलं, सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. माझे वडील पोस्टकार्डावर पत्ता घालताना सासरचं नाव लिहायचे आणि मागच्या मजकुराची सुरुवात माहेरच्या नावानं करायचे. शेवटच्या कार्डापर्यंत. म्हणून तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पिरोश्काला आठ मुलं झाली, चार मुलगे, चार मुली. थोरला अलेक्सिओस आणि मारिया ही जुळी. 1118 मध्ये सासरा वारला, नवरा सम्राट झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धाकटा मॅन्युएल जन्मला. किन्नामोस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं तिच्याबद्दल लिहिलंय की नवऱ्यानं दिलेलं धन तिनं मुलांसाठी साठवलं नाही की अंगावर मिरवलं नाही, मागेल त्याला देत राहिली. त्या देण्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे पँटोक्रेटर मठ. त्याचा आरंभ तिचा, पूर्ण केला नवऱ्यानं. 1136 चं त्या मठाचं नियमपत्र आजही वाचायला मिळतं, आणि मला तिच्या सगळ्या कहाणीत जास्त जवळचं तेच वाटतं. मठात पन्नास खाटांचं इस्पितळ होतं. जखमा आणि मोडलेल्या हाडांसाठी दहा खाटा, डोळ्यांच्या आणि आतड्यांच्या दुखण्यासाठी आठ, बायकांसाठी वेगळ्या बारा. बायकांच्या भागात एक स्त्री-वैद्य नेमलेली असे. रुग्णांना घालायला धुतलेले कपडे द्यावेत इथपर्यंत त्यात लिहिलेलं आहे. नऊशे वर्षांपूर्वी! आमच्या आजीच्या काळी पुरुष डॉक्टरला हात दाखवायचा नाही म्हणून बायका दुखणी अंगावर काढायच्या. त्या बारा खाटांचं मोल मी आजीवरून ओळखते.

आता माहेराचं. काल्मानचा सख्खा भाऊ आल्मोश, म्हणजे पिरोश्काचा दुसरा चुलतभाऊ. तो गादीसाठी पुन्हा पुन्हा बंड करी. 1115 च्या सुमाराला काल्माननं त्याचे डोळे काढवले, आणि त्याच्या लहानग्या मुलाचे, बेलाचेही. पुढं हा आंधळा आल्मोश देश सोडून पळाला तो थेट बहिणीच्या सासरी. जॉननं त्याला आसरा दिला. तोवर हंगेरीत काल्मानचा मुलगा इश्तवान राजा झाला होता. त्यानं काकाला हाकलून द्या म्हणून निरोप धाडला. जॉननं ऐकलं नाही आणि 1127 मध्ये लढाई पेटली. सांगा ताई, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाचा, आणि घरात डोळे गेलेला भाऊ. त्याच वर्षी आल्मोश तिकडंच वारला.

हंगेरीच्या जुन्या बखरीत या लढाईचं कारण निराळं दिलंय. सम्राट म्हणाला, हंगेरीचा राजा माझा मांडलिक आहे. पिरोश्का जागच्या जागी म्हणाली, नाही. त्याबद्दल नवऱ्यानं तिला शिक्षा केली. बखरीतली गोष्ट म्हणूनच ती घ्यावी, पण हंगेरीच्या लोकांनी आपली लेक लक्षात ठेवली ती अशी. सासरी तेवीस-चोवीस वर्षं काढलेली, आठ लेकरांची आई, आणि माहेराला कमी लेखलं तर भर दरबारात नाही म्हणणारी. गौरी आणताना ‘माहेरवाशीण आली’ म्हणतो आपण. मला ती तशी दिसते.

ती 13 ऑगस्ट 1134 रोजी गेली. आधी संन्यास घेऊन क्सेने हे तिसरं नाव घेतलं होतं. पँटोक्रेटरमध्येच तिला पुरलं. पूर्वेकडची चर्च तिला संत मानतात.

गोष्ट तिथं संपत नाही. मॅन्युएल 1143 मध्ये सम्राट झाला आणि त्यानं आजोळाशी वर्षानुवर्षं लढाया केल्या. 1167 ची सिर्मियमची तर त्यानं पक्की जिंकली. पण मधेच, 1163 मध्ये, त्यानं हंगेरीचा एक राजपुत्र कॉन्स्टँटिनोपलला आणवून घेतला. तो कोण, तर डोळे काढलेल्या त्या पोराचा नातू. नावही आजोबाचंच, बेला. त्याचंही नाव बदललं, अलेक्सिओस केलं, आणि लेक देऊन आपल्या गादीवर बसवायचं ठरवलं. पुढं मॅन्युएलला मुलगा झाला आणि ते मोडलं. 1172 मध्ये हंगेरीची गादी मोकळी झाली तेव्हा बेला परत गेला, स्वतःच्याच नावानं राज्य करू लागला. त्याच्याच कारकिर्दीत, 1192 मध्ये, पिरोश्काच्या वडिलांना संतपद मिळालं.

आपल्या कोल्हापूरला हे परकं वाटू नये. शाहू महाराजांची लेक राधाबाई, आपल्या आक्कासाहेब, देवासला दिल्या. 1947 मध्ये त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह इथं दत्तक आले आणि शहाजी महाराज म्हणून गादीवर बसले. हंगेरीत लेकीच्या मुलानं तलवार घेऊन आजोळ गाठलं, इथं आजोळानं त्याला मानानं बोलावून घेतलं.

पुन्हा इस्तंबूलला गेलात तर झेय्रेक मशीद पाहा, पँटोक्रेटर म्हणजे तीच इमारत. आणि आया सोफियातल्या त्या चित्रात राणीच्या बाजूला, भिंतीच्या वळणावर, एक फिकट चेहऱ्याचा तरुण आहे तो पाहायचा राहिला असेल. तो तिचा अलेक्सिओस. 1142 मध्ये, बापाच्या आधी, तापानं गेला. आई तोवर नव्हती.

ताई, पत्रात तुम्ही तुमचं माहेरचं नाव लिहिलंच नाही. पुढच्या पत्रात कळवा. उत्तराची सुरुवात मी त्याच नावानं करीन.