बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय

प्रश्न : आमच्या गावचा जुना मातीचा पाझर तलाव पायथ्याशी झिरपतो. धोका आहे का?

उत्तर : आधी पाण्याचा रंग बघा. बाटलीत भरून तासभर ठेवा. नितळ राहिलं तर रोज एकाच वेळी, बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. तळाशी माती बसली, तर भराव आतून पोखरला जातोय. त्याच दिवशी तलाठी आणि जलसंधारण विभागाला कळवा, खालची घरं रिकामी करा. पाझराचं तोंड सिमेंटने कधीही बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, मात्र मेअखेर मोकळा हवाच. चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला, ऐन पावसात फुटलं होतं.